काळ्या पडद्यावरच्या चार ओळी

गेल्या नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सोमवारी, तलासरी तालुक्याच्या पूर्वेकडील एका आश्रमशाळेतून एक संगणक भंगार म्हणून नेण्यात आला. त्याच टेम्पोत मोडके बाक, गंजलेले कपाट आणि बंद पडलेला पाण्याचा फिल्टर होता. संगणकावर खडूने फुली मारलेली होती. कारण 'डिस्प्ले बंद' असे देण्यात आले होते. डिस्प्ले बंद नव्हता.

टेम्पो निघाला तेव्हा दहावीतील एक मुलगी पडवीत उभी होती. टेम्पोचा आवाज तिने ऐकला. आत काय भरले आहे ते तिला दिसले नाही. तो संगणक शाळेतली बरीच मुले वापरत, पण त्याच्याशिवाय जिला पुस्तक वाचता येत नव्हते अशी ती एकटीच होती.

तिची कातडी, केस आणि पापण्या जन्मापासून पांढऱ्या आहेत. पाड्यावर तिला ज्या नावाने हाक मारतात ते इथे लिहीत नाही. बुबुळात रंग नसल्यामुळे उजेड तिच्या डोळ्यांत अडत नाही, सरळ आत जातो. नजर अधू आहे, डोळे स्थिर राहत नाहीत. छापील पुस्तक सावलीत नाकाला लावून धरले तर काही ओळी वाचता येतात, मग डोके दुखू लागते. फळा तिला कधीच दिसलेला नाही.

तिच्या घरची डोंगरउताराला थोडी जमीन आहे. भात आणि नागली होते. पीक निघाले की घरातली मोठी माणसे चिकूच्या वाड्यांत, भाजीच्या मळ्यांत मजुरीला जातात. सगळे काम उन्हातले. तिची आई मला एकदा म्हणाली होती, "हिला उन्हात नेता येत नाय. एक साल लावणीला नेली तं सगळी पाठ सोलून निघली. शिकली तं कुठं सावलीत बसून काम करंल. नाय तं काय, घरात कोंडून ठेवू तिला?"

म्हणजे दहावी पास होणे ही त्या घरासाठी हौस नव्हती. दहावीच्या परीक्षेला तेव्हा चार महिने उरले होते.

नेलेल्या संगणकात एकच प्रोग्राम कामाचा होता. तो सुरू केला की सगळा पडदा काळा होई आणि त्यावर पिवळ्या अक्षरांच्या चार ओळी उमटत. एकेक अक्षर माझ्या अंगठ्याएवढे. स्पेसबार दाबला की पुढच्या चार ओळी, बॅकस्पेस दाबला की मागच्या. पडद्यावर दुसरे काही नसे. चित्रे नसत, कडेची पट्टी नसे, घड्याळ नसे, हलणारा बाण नसे. धडा उघडलेला नसेल तेव्हा पडदा पूर्ण काळा राही. ही सोय मुद्दाम करून घेतली होती. खोलीत शिरताना तिच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये, एवढाच हेतू होता.

हा प्रोग्राम मूळचा तिच्यासाठी लिहिलेला नव्हता. मी ज्या वृत्तपत्रात काम करत होते तिथल्या संगणक विभागातील एका सहकाऱ्याने तो फार वर्षांपूर्वी लिहिला. वृत्तसंस्थांच्या तारा येत, त्यांचे मथळे डेस्कवरच्या प्रत्येकाला जागेवरून दिसावेत म्हणून भिंतीवर एक मॉनिटर लावला होता. त्यासाठी त्याने एसव्हीजीएलिब नावाची लायब्ररी वापरली. लायब्ररी म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आयता वापरावा असा कोड. ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, फुकट आणि उघडी. कोणीही वाचावी, बदलावी. परदेशातल्या हौशी मंडळींनी ती लिनक्स या फुकट संगणकप्रणालीसाठी लिहिली होती. त्या काळच्या यंत्रांना खिडक्या उघडणारी, माऊसवर चालणारी भारी व्यवस्था झेपत नसे. ही लायब्ररी मधल्या सगळ्यांना वगळून पडदा चालवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाशी थेट बोले आणि अख्खा पडदा एकाच प्रोग्रामच्या ताब्यात देई. प्रोग्राम संपला की पडदा परत.

लायब्ररीत मराठी अक्षरे नव्हती. सहकाऱ्याने ती आलेखाच्या कागदावर ठिपके भरून काढली. जोडाक्षरांना सगळ्यात जास्त वेळ गेला. मॉनिटर सुरू झाला त्या दिवशी वृत्तसंपादकांनी समोर उभे राहून विचारले, "अरे, तारीख कुठाय? हवामान कुठाय? आपलं चिन्ह तरी एका कोपऱ्यात टाक."

"साहेब, बातमी वाचायचीय ना?"

"हो."

"मग बातमीच दिसू द्या की."

वृत्तसंपादक हसले आणि गेले. चिन्ह कधी टाकले गेले नाही.

या लायब्ररीचे दोषही नोंदवले पाहिजेत. तिला यंत्राचे सर्वाधिकार द्यावे लागत आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते धोक्याचे होते. प्रोग्राम मध्येच पडला तर पडदा विसकटलेला राही, कीबोर्डही ऐकत नसे. नवी ग्राफिक्स कार्डे तिला ओळखता येत नाहीत. पुढे ती जवळजवळ सगळीकडून काढून टाकण्यात आली. काढणाऱ्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. तलासरीत घडले ते वेगळे आहे.

निवृत्तीनंतर मी डहाणूला, मसोलीतल्या घरी राहायला आले. आमच्याच गल्लीत त्या आश्रमशाळेतली एक शिक्षिका राहते. रोज डहाणूहून तलासरीला आणि तिथून जीपने आत जाते. मुलगी तेव्हा आठवीत होती. शिक्षिका म्हणाली, "वर्गात मी बोललेलं सगळं तिला पाठ असतं. पण एक अख्खा धडा तिने अजून स्वतः वाचलेला नाही." त्याच सुमारास वृत्तपत्राच्या कार्यालयातला जुना संगणक काढून टाकला जात होता. मी तो मागून घेतला. सहकाऱ्याने त्यात थोडी फिरवाफिरव केली, मथळ्यांऐवजी धडे दिसतील असे केले. जीपच्या मागच्या बाकावर, दोघींच्या मांडीवर ठेवून तो शाळेत नेला.

पहिल्या दिवशी मुलगी पडद्यापासून हातभर दूर उभी राहिली.

"जवळ ये," शिक्षिका म्हणाली.

"किती?"

"तुला पायजे तितकी. नाक लाव हवं तर."

तिने खरेच नाक लावले. मग थोडी मागे सरकली, पुन्हा थोडी, आणि तिथे थांबली. वाचू लागली. धडा संपला तरी ती स्पेसबार दाबत राहिली.

"संपला का?" तिने विचारले.

"संपला."

"एवढाच व्हता? सर तं चार दिवस शिकवत व्हते."

शिक्षिकेला हसू आवरेना. तो धडा दुसऱ्या शिक्षकांचा होता.

पुढच्या दोन वर्षांत त्या खोलीला एक रीत पडली. वसतिगृहातल्या मुलांना संध्याकाळी अभ्यासाचा तास असतो. पुस्तके पुरत नसत, फाटलेली असत. मग मुले तिच्या मागे खाली बसत, ती पडद्यावरच्या चार ओळी मोठ्याने वाचे, मुले वहीत लिहीत. शेवटच्या मुलाचे लिहून झाले की तो जमिनीवर हात आपटे, मगच ती स्पेसबार दाबे. एकदा मी तिथे असताना मागून एक मुलगी ओरडली, "हळू वाच गं बाय! आमचे डोळे चांगले हायत, हात नाय."

"मंग डोळ्यांनी लिव," ही म्हणाली आणि पुढच्या चार ओळी आणल्या.

धडे त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या लिपीसंकेतात टाइप करावे लागत. तो संकेत दुसऱ्या कुठल्याच यंत्राला कळत नाही. भाषा, गणित आणि सामाजिक शास्त्रे हे विषय मी मसोलीत घरी टाइप केले; भूमितीची तिला नियमाने सूट होती. त्यांच्या प्रती माझ्याकडे राहिल्या. विज्ञान शिक्षिकेने शाळेत बसून केले. कारण विज्ञानात आकृत्या असतात आणि चार ओळींच्या पडद्यावर आकृती मावत नाही. तिने प्रत्येक आकृती शब्दांत उतरवली. मुलीला शेजारी बसवून, कळले का असे विचारत, कळले नाही तर पुन्हा लिहीत. भिंगांच्या धड्यात डोळ्याची आकृती आहे. बुबुळ गडद असते असे पुस्तक सांगते. तिथे मुलगी अडली.

"गडद? माझं तं नाय."

शिक्षिकेने कीबोर्ड पुढे ओढला. मग तिने त्या वर्णनाखाली एक ओळ वाढवली: काही माणसांच्या बुबुळात रंग नसतो, त्यांना उजेड जास्त टोचतो, त्यात त्यांचा दोष नसतो. ही ओळ मुलीने कितीदा तरी पुन्हा काढून वाचली, असे शिक्षिका सांगते. विज्ञानाचे दोन्ही भाग दिवाळीच्या सुट्टीआधी पूर्ण झाले. त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन त्याच खोलीतल्या कपाटात ठेवली होती.

सप्टेंबरमध्ये शाळा चालवणाऱ्या संस्थेला नवी संगणक प्रयोगशाळा देणगी म्हणून मिळाली. ती बसवण्याचे काम गुजरातच्या हद्दीतल्या एका कंत्राटदाराकडे होते. जुन्या वस्तूंपैकी काय ठेवायचे आणि काय काढायचे हे पाहायला त्याचा तंत्रज्ञ शाळेत आला. मी तेव्हा तिथे नव्हते. पुढचे संभाषण मी मुलीकडून आणि तेव्हा दारात उभ्या असलेल्या तिच्या एका वर्गमैत्रिणीकडून वेगवेगळे विचारून घेतले. दोघींच्या सांगण्यात फरक निघाला नाही.

संगणक सुरू होता, धडा उघडलेला नव्हता. पडदा काळा होता. तंत्रज्ञाबरोबर मुख्याध्यापक आत आले.

"याचा माऊस कुठे?" तंत्रज्ञाने विचारले.

"त्याला माऊस लागत नाय," मुलगी म्हणाली.

"माऊस लागत नाय! कॉम्प्युटर आहे की रेडिओ?" त्याने मुख्याध्यापकांकडे पाहिले. मुख्याध्यापक हसले. त्याने आपल्या पिशवीतला माऊस काढून लावला, टेबलावर फिरवला. काळ्या पडद्यावर काहीच हलले नाही. "सर, आ तो डब्बो छे. डिस्प्ले गेलाय."

"सर, स्पेस दाबा," मुलगी म्हणाली.

"तू गप गं. साहेब बघतायत ना?" मुख्याध्यापक म्हणाले.

"पण सर, नुसतं स्पेस..."

ती पुढे झाली. तंत्रज्ञाने कीबोर्डवर आडवा हात धरला. "हात नको लावू, बेटा. शॉक लागेल."

मग त्याने खिशातून खडू काढून फुली मारली आणि शेजारच्या खोलीकडे गेला.

दोघे शिकलेले पुरुष एका चालू यंत्रापुढे उभे होते. एक बोट, एक कळ, एवढीच तपासणी उरली होती. जिला ते यंत्र रोज वापरता येत होते ती हातभर अंतरावर उभी राहून कोणती कळ ते सांगत होती. काळा पडदा म्हणजे बिघडलेला पडदा, यापलीकडे दोघांना काही सुचले नाही, आणि मुलीला विचारावे असे तर मुळीच वाटले नाही.

शिक्षिका शेजारच्या वर्गात होती. तास संपल्यावर तिला कळले तेव्हा ती मुख्याध्यापकांकडे गेली. "सर, ते चालू आहे. चला, मी आत्ता दाखवते."

"अहो बाई, वर कळवून झालं."

"मग परत कळवा."

"नवी लॅब येतेय. त्यात हिच्यासाठी खास सोय आहे म्हणे. तुम्ही जुन्यालाच काय कवटाळून बसलाय?"

तिने लेखी अर्ज दिला. त्याला उत्तर मिळाले नाही. सुट्टी लागली, शाळेला कुलूप पडले. सोमवारी तिचा दुसरा तास चालू असताना टेम्पो आला आणि गेला. कपाटही त्यातच गेले.

त्याच दुपारी मी मुख्याध्यापकांना फोन केला.

"ताई, तुम्हा पेपरवाल्यांना प्रत्येक गोष्टीत भानगड दिसते," ते म्हणाले. "एक डबा गेला."

"त्या डब्यात तिचं विज्ञान होतं, सर."

"विज्ञानाचं पुस्तक आहे की तिच्याकडे. सरकारी. नवं कोरं."

"ते तिला वाचता येत नाही."

"मग आता नव्या लॅबमध्ये वाचेल."

नवी लॅब त्याच आठवड्यात सुरू झाली. गुरुवारी मी गेले. खोलीला पांढऱ्या फरशा, पांढऱ्या भिंती, छताला ओळीने ट्यूबलाइट. मुलगी दारात थबकली, ओढणी कपाळावर पुढे घेतली आणि आत आली. तंत्रज्ञ होता. त्याने अक्षरे मोठी करून दाखवणारे साधन लावले. "बघा, किती मोठं! आता वाच, बेटा."

पडद्यावर दीड शब्द मावत होता. पुढचा शब्द पाहायचा तर माऊस सरकवायचा, तो सरकला की ओळ सुटायची. तिने दोनदा ओळ शोधली. तिसऱ्यांदा सापडली तेवढ्यात मध्येच एक चौकट उघडली, काहीतरी अद्ययावत करायचे आहे असे सांगणारी. अख्खा पडदा पांढरा झाला. तिने दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले आणि मान फिरवली.

"काय झालं?" तंत्रज्ञाने विचारले.

"काय नाय. थोडं थांबते."

त्याने चौकट बंद केली, प्रकाश कमी केला. ती पुन्हा वाचायला बसली. पुन्हा एक चौकट आली, पुन्हा पांढरी. या वेळी तिचे डोळे बराच वेळ वाहत राहिले. ती उठली. "मला भायेर जाऊ द्या."

"होईल सवय," तंत्रज्ञ म्हणाला.

"कशाची?" मी विचारले.

काळी पार्श्वभूमी आणि मोठी अक्षरे नव्या संगणकांवरही करता येतात. मधेच उघडणाऱ्या चौकटी बंद करता येतात. त्याला ते माहीत होते, मलाही माहीत होते. मी तसे करून द्यायला सांगितले.

"सेटिंग लॉक आहे, मॅडम. पासवर्ड ऑफिसात."

"ऑफिसात कोणाकडे?"

"ऑफिसात."

मी कंत्राटदाराच्या कार्यालयाला पत्र लिहिले. एका विद्यार्थिनीसाठी एका संगणकाचे कुलूप काढावे, इतकीच मागणी होती. संस्थेलाही तेच लिहिले. संस्थेने पत्र मिळाल्याचे कळवले. नव्या लॅबच्या उद्घाटनाचे छायाचित्र मात्र शाळेच्या दर्शनी भिंतीवर लागले. त्यात देणगीदारांच्या शेजारी, फुलांचा गुच्छ हातात देऊन, याच मुलीला उभे केलेले आहे. तिने डोळे मिटलेले आहेत.

टेम्पो कुठे गेला ते शोधायला आठवडा लागला. महामार्गालगत, विवळवेढ्याच्या पुढे, एका भंगारवाल्याच्या वाड्यात खडूची फुली असलेला डबा सापडला. कपाट कापून झाले होते. पेन ड्राइव्हबद्दल कोणाला काही माहीत नव्हते.

"याची डिस्क?" मी भंगारवाल्याला विचारले.

"त्याला भोक पाडून आणलंय, बाई. सगळ्याच डिस्का भोक पाडून येतात आता. कायदा हाय म्हणत्यात."

"कसला कायदा?"

"आतली माहिती कोणाच्या हाती लागू नये म्हणून." त्याने डिस्क काढून दिली. मधोमध आरपार छिद्र होते. "तुमचं काय व्हतं आत? बँकेचं?"

"दहावीचं विज्ञान."

तो हसला. मी चेष्टा करते आहे असे त्याला वाटले असावे.

गोपनीयतेचा नियम मी वाचला आहे. जुन्या यंत्रातली माहिती नष्ट करावी असे तो सांगतो, आणि तो चांगल्या हेतूने केलेला आहे. नष्ट करण्यापूर्वी ती कोणाच्या कामाची आहे का हे विचारू नये, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. संगणक चालतो का हे तपासायला एक कळ दाबण्याचा वेळ कोणाला मिळाला नव्हता. डिस्कला छिद्र पाडायला यंत्र आणि माणूस मिळाला होता.

सहकाऱ्याला फोन केला. तोही आता निवृत्त आहे.

"अजून चालत होतं ते?" तो म्हणाला. "मी तर त्याचं तेरावं घालून बसलोय."

"मूळ कोड आहे का तुझ्याकडे?"

"आहे की. पण चालवणार कशावर? नव्या मशीनवर ती लायब्ररी उभी पण राहणार नाही. म्हातारं हुडक एखादं."

माझ्या लॅपटॉपवर प्रयत्न केला. कार्ड ओळखता येत नाही, असा एका ओळीचा निरोप आला. डहाणूतल्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांचे मजकूर जुळवण्यासाठी ठेवलेला एक जुना संगणक होता. मालकांनी तो दिला, वर म्हणाले, "एक अट. परत आणू नका." सहकारी स्वतः डहाणूला आला, दोन दिवस राहिला. डिसेंबर संपता संपता काळ्या पडद्यावर पिवळ्या चार ओळी उमटल्या.

तो संगणक शाळेत ठेवायला मुख्याध्यापकांनी आधी नकार दिला. नव्या लॅबचे पैसे दिलेल्या माणसांना जुने यंत्र दिसले तर वाईट दिसेल, असे कारण होते. शेवटी धान्याच्या कोठीत ठेवायला त्यांनी तोंडी परवानगी दिली. शिक्षिकेने लेखी मागितल्यावर म्हणाले, "बाई, आता लिहायला लावू नका. ठेवा आणि वाचा." तांदळाच्या पोत्यांमागे टेबल लावले. कोठीला खिडकी नव्हती, तेवढे बरे झाले. संध्याकाळी मुले तिथेही येऊन बसू लागली, पोत्यांवर.

भाषा, गणित, सामाजिक शास्त्रे हे विषय माझ्याकडच्या प्रतींवरून त्याच दिवशी भरले. विज्ञान नव्हते. शिक्षिका पुन्हा टाइप करायला बसली. दिवसा वर्ग, सराव परीक्षा, मग जीप, मग डहाणूला घर. सुट्टीच्या दिवशी मी काही भाग केला. मजकूर मला करता आला. आकृत्यांची वर्णने मला करता आली नाहीत. ती त्या दोघींनी मिळून महिनोन्महिने जमवलेली होती आणि आता दोघींपैकी कोणालाच शब्दशः आठवत नव्हती. मी लिहिलेल्या एका वर्णनावर मुलगी म्हणाली, "मावशी, ह्ये बातमीसारखं वाटतंय. कुठं काय हाय त्येच कळत नाय."

परीक्षेआधी विज्ञानाचा पहिला भाग पूर्ण झाला. दुसरा भाग सुरूही झाला नव्हता. मुले तिला दुसऱ्या भागाचे धडे वाचून दाखवत. आकृत्या आल्या की थांबत, बोटाने तिच्या तळहातावर काढत.

मार्चमध्ये तिने परीक्षा दिली. मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका, जादा वेळ आणि नववीतली एक लेखनिक, हे नियमाप्रमाणे मिळाले. पहिल्या दिवशी तिचे बाक खिडकीसमोर होते. शिक्षिकेने केंद्रावर विनंती केल्यावर ते दुसऱ्या भिंतीशी हलवण्यात आले.

निकाल लागला तेव्हा मी शाळेत होते. ती विज्ञान सोडून सगळ्या विषयांत उत्तीर्ण झाली. भाषेत तिचे गुण वर्गात सर्वांत जास्त आहेत. विज्ञानाच्या पहिल्या भागात तिला बरे गुण आहेत, दुसऱ्या भागात फार कमी. दोन्ही मिळून उत्तीर्ण होण्याइतके झाले नाहीत.

"दुसऱ्यात आकृत्या आल्या व्हत्या," ती म्हणाली. "हातावर काढलेल्या सगळ्या सारख्याच वाटतात, मावशी."

मुख्याध्यापकांनी तिच्या आईला सांगितले, "एकाच विषयात राहिली. थोडा अभ्यास कमी पडला."

आई म्हणाली, "नाय सर. तिचा अभ्यास तुमी गाडीत घालून धाडला."

मुख्याध्यापक ऑफिसात निघून गेले.

नव्या प्रयोगशाळेतील संगणकांचा पासवर्ड शाळेकडे नाही. कंत्राटदाराच्या कार्यालयाकडून उत्तर आलेले नाही. जुलैमधील फेरपरीक्षेसाठी मुलीने विज्ञानाचा अर्ज भरला आहे. दुसऱ्या भागाचे टंकलेखन, आकृत्यांच्या वर्णनांसह, दहापैकी चौथ्या धड्यापर्यंत झाले आहे.